थॉमस स्टीफन्स

थॉमस स्टीफन्स (जन्म: इ.स. १५४९, विल्टशायर, इंग्लंड – मृत्यू: इ.स. १६१९, गोवा) हे गोव्यात कार्यरत असलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू, मराठी कवी आणि कोंकणी भाषेचे व्याकरणकार होते. महाराष्ट्रात व गोव्यात ते फादर स्टीफन्स या नावाने ओळखले जातात. पोर्तुगीज कागदपत्रांत त्यांचे नाव तोमास इश्तेव्हाँव असे येते. मराठी ओवीछंदात रचलेले ख्रिस्तपुराण (१६१६) हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ होय. त्यांनी पोर्तुगीज भाषेत लिहिलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे छापले गेले. आधुनिक भारतीय भाषेचे छापून प्रसिद्ध झालेले पहिले व्याकरण म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. ज्यांच्या भारतातील वास्तव्याची निश्चित नोंद आहे अशा इंग्रजांमध्येही त्यांचे नाव सर्वांत आधी घेतले जाते.

पूर्वायुष्य

स्टीफन्स यांचा जन्म विल्टशायर परगण्यातील बुश्टन या खेड्यात एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. त्यांचे शालेय शिक्षण विंचेस्टर येथे झाले. राणी एलिझाबेथ पहिली हिच्या राजवटीत कॅथलिक पंथीयांवर कडक निर्बंध होते आणि स्टीफन्स यांचा ओढा त्याच पंथाकडे होता. थॉमस पाऊंड या मित्रासह रोमला जाऊन जेझुइट संघात प्रवेश करण्याचा बेत त्यांनी आखला. परंतु निघण्यापूर्वीच पाऊंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग तुरुंगात गेला. स्टीफन्स एकटे रोमला पोहोचले. २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांना संघात प्रवेश मिळाला. पुढे त्यांनी हिंदुस्थानात पाठवले जावे अशी विनंती केली व ती मान्य झाली.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचले. पोहोचल्यावर तीन आठवड्यांच्या आत, १० नोव्हेंबर रोजी, त्यांनी वडिलांना या सफरीची हकिकत कळवणारे पत्र लिहिले. वारे, प्रवाह, मासे, पक्षी आणि खलाशांचे आजार यांचे बारकाईने वर्णन करणारे हे पत्र पुढे रिचर्ड हॅकलूट यांच्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले गेले आणि पूर्वेकडील सागरी मार्गाविषयी इंग्लंडमध्ये कुतूहल निर्माण करणाऱ्या लेखनात त्याची गणना होऊ लागली.

साष्टीतील कार्य

१५८० साली स्टीफन्स यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्याच सुमारास पोर्तुगालचे सिंहासन स्पेनच्या फिलिप दुसऱ्याकडे गेले. ही संयुक्त राजवट १६४० पर्यंत टिकली. म्हणजे स्टीफन्स यांचे गोव्यातील जवळजवळ सर्व आयुष्य स्पॅनिश राजांच्या अमलाखाली गेले, जरी गोव्यातील कारभार व शिक्षण पोर्तुगीज आणि लॅटिन भाषांतूनच चालत असे.

त्यांच्या सुमारे चाळीस वर्षांच्या वास्तव्यातील बहुतेक काळ साष्टी तालुक्यात व्यतीत झाला. येथे एक खुलासा आवश्यक आहे. साष्टी नावाचे दोन प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात होते: एक गोव्यात मडगाव–रायतूरच्या परिसरात, आणि दुसरा उत्तर कोकणात ठाण्याच्या बाजूला, ज्या बेटावर आज मुंबईची उपनगरे आणि मीरा-भाईंदर शहर वसले आहे. स्टीफन्स यांची साष्टी ती गोव्यातील होय. दोन्ही ठिकाणी पोर्तुगीज मिशनरी काम करत असल्यामुळे जुन्या लेखनात ही गल्लत वारंवार आढळते.

साष्टीतील परिस्थिती स्फोटक होती. पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली होती आणि गावकऱ्यांत तीव्र असंतोष होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रुडॉल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइट व त्यांच्यासोबतचे काही लोक मारले गेले. मृतदेह ताब्यात घेऊन त्यांच्या दफनाची व्यवस्था करण्यात स्टीफन्स यांचा पुढाकार होता. त्यानंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना असोळणा येथे बोलावून ठार केले. ज्या लोकांची भाषा स्टीफन्स आत्मसात करत होते, त्यांच्यात आणि स्टीफन्स यांच्या धर्मसंस्थेत असे रक्त सांडले होते, ही गोष्ट त्यांच्या पुढील लेखनाकडे पाहताना दृष्टीआड करता येत नाही.

याच वर्षी २४ ऑक्टोबर रोजी त्यांनी आपला भाऊ रिचर्ड यास पॅरिस येथे पत्र लिहिले. या प्रदेशातील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती आहे, असे निरीक्षण त्यात नोंदवलेले आहे. संस्कृत व युरोपीय भाषांच्या नात्याविषयी विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात व्याख्यान दिले ते १७८६ साली. स्टीफन्स यांनी या निरीक्षणाचा सिद्धान्त केला नाही आणि त्यांचे पत्र विद्वानांच्या चर्चेतही आले नाही. तथापि काळाच्या दृष्टीने त्यांची नोंद दोनशे वर्षे आधीची आहे.

१५८३ च्या अखेरीस होर्मुझ येथे पकडलेले जॉन न्यूबेरी, राल्फ फिच व त्यांचे सोबती हे इंग्रज कैदी म्हणून गोव्यात आणले गेले, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी स्टीफन्स यांनी खटपट केली. पुढे फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल यांनाही त्यांची मदत झाली.

भाषाभ्यास आणि व्याकरण

पोर्तुगीज लोक गोव्याच्या बोलीला कानारी किंवा ब्राह्मण कानारी म्हणत. या नावाचा कन्नड भाषेशी संबंध नाही. ती आजची कोंकणी होय. स्टीफन्स यांनी कोंकणी व ग्रांथिक मराठी या दोहोंवर प्रभुत्व मिळवले. धर्मोपदेश आणि दैनंदिन व्यवहार यांसाठी त्यांनी कोंकणी वापरली, तर काव्यासाठी मराठी. त्यांचे ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे प्रश्नोत्तररूप पुस्तक (१६२२) कोंकणीत आहे. तेही मरणोत्तर प्रसिद्ध झाले.

आर्ते दा लिंग्वा कानारीं या नावाने ओळखले जाणारे व्याकरण त्यांनी नव्याने आलेल्या पाद्र्यांसाठी लिहिले. त्यात दियोगु रिबैरु यांनी भर घातली आणि संघातील आणखी चार पाद्र्यांनी ते तपासून १६४० साली रायतूरच्या कॉलेजात छापले. तमिळ भाषेचे एन्रिक एन्रिकिश यांनी लिहिलेले व्याकरण याहून जुने असले, तरी ते हस्तलिखितातच राहिले होते. स्टीफन्स यांचे विवेचन पोर्तुगीजमध्ये असून कोंकणी शब्द रोमन लिपीत दिलेले आहेत. त्या काळच्या प्रत्येक मिशनरी व्याकरणाप्रमाणे याचीही चौकट लॅटिन आहे. मानुएल आल्व्हारिश यांचे १५७२ सालचे लॅटिन व्याकरण जेझुइट शाळांतून सर्वत्र शिकवले जात असे.

या चौकटीत क्रियापदाचे अर्थ हे प्रकरण सर्वाधिक अडचणीचे ठरते. लॅटिनमध्ये आणि तिच्यापासून निघालेल्या पोर्तुगीज व स्पॅनिश भाषांमध्ये घडलेली किंवा घडणारी गोष्ट सांगणाऱ्या रूपांखेरीज क्रियापदाची आणखी एक रूपावली असते. इच्छा, शंका, भीती, हेतू, अट, सवलत, अद्याप न घडलेली वेळ अशा नाना ठिकाणी ती येते. हिलाच आज सब्जंक्टिव्ह म्हणतात. अंतोनियो दे नेब्रिखा यांनी १४९२ साली स्पॅनिशचे पहिले व्याकरण छापले, तेव्हा त्यांनी अर्थांची संख्या पाच धरली आणि इच्छार्थ व सब्जंक्टिव्ह वेगळे मोजले. वास्तविक लॅटिनमध्ये या दोहोंची रूपे एकच आहेत. ग्रीक भाषेत ती निराळी असल्यामुळे जुन्या वैयाकरणांनी ही विभागणी तशीच चालू ठेवली होती.

कोंकणी व मराठीत नेमके उलट घडते. युरोपीय भाषांत जे काम एक रूपावली करते, ते येथे अनेक रूपांत वाटलेले आहे. स्पॅनिशमधील येणे या क्रियापदाचे बेंगा हे एकच रूप घेतले, तरी मराठीत त्यासाठी प्रसंगानुसार येवो, यावे, आला, येईल, येईपर्यंत अशी निरनिराळी रूपे योजावी लागतात. त्याने यावे अशी माझी इच्छा आहे, या वाक्यात विध्यर्थ येतो आणि कर्त्याला ने हा प्रत्यय लागतो. तो आला तरी मी जाणार नाही, या वाक्यात भूतकाळाचेच रूप भविष्यातील शक्यतेसाठी वापरले जाते. तो येईल तेव्हा सांगेन, येथे साधा भविष्यकाळ पुरतो. तो येईपर्यंत थांब, येथे तर काळ व पुरुष दर्शवणारे रूपच नाही. या चारही वाक्यांचे स्पॅनिश भाषांतर करताना बेंगा हेच रूप येऊ शकते. आला असता तर सांगितले असते, असा न घडलेल्या गोष्टीचा संकेतार्थ मात्र दोन्हीकडे स्वतंत्र रूपांनी व्यक्त होतो.

पोर्तुगीजमध्ये आणखी एक गुंतागुंत आहे. भविष्यकाळाचा निराळा सब्जंक्टिव्ह या भाषेत आजही बोलण्यात आहे. स्पॅनिशमध्येही तो सोळाव्या शतकात वापरात होता, आता कायद्याच्या भाषेपुरता व काही म्हणींपुरता उरला आहे. पोर्तुगीज बोलणारा पाद्री कोंकणी शिकू लागला की आपल्या प्रत्येक रूपाला येथे जोडीदार शोधत असे, आणि तो एका जागी कधीच सापडत नसे. मराठी भाषक आज स्पॅनिश शिकताना हीच वाट उलट दिशेने चालतो. त्याला वेगवेगळ्या ठिकाणची रूपे एका रूपावलीत गोळा करावी लागतात, आणि तेव्हा व तरी यांच्या वाक्यांत तो हमखास चुकतो, कारण त्याच्या स्वतःच्या भाषेत तेथे इच्छेची किंवा संशयाची कोणतीच खूण नसते.

ही केवळ व्याकरणाची बाब नव्हती. ख्रिस्ती मुलांना प्रथम शिकवल्या जाणाऱ्या प्रभूच्या प्रार्थनेत सुरुवातीच्या तीनही मागण्या लॅटिनमध्ये सब्जंक्टिव्हमध्ये आहेत: नाव पवित्र मानले जाणे, राज्य येणे आणि इच्छा पूर्ण होणे. लॅटिन आद्वेनियात आणि फियात, स्पॅनिश बेंगा आणि आगासे, मराठी येवो आणि होवो, कोंकणी येंव आणि जांव ही त्यांची रूपे होत. येथे आज्ञार्थ वापरला तर देवाला हुकूम केल्यासारखे होते, भविष्यकाळ वापरला तर मागणे न राहता भाकीत होते. चुकीचे रूप शिकवणारा पाद्री मुलांच्या तोंडी चुकीची प्रार्थना घालत असे. सुदैवाने या जागी मराठीजवळ अचूक रूप होते आणि ते भक्तिपरंपरेत मुरलेले होते. ज्ञानेश्वरीच्या शेवटचे पसायदान याच ओकारान्त रूपांवर उभे आहे. ख्रिस्तपुराणाच्या भाषेवर संतकाव्याची छाया आहे, याबद्दल अभ्यासकांत फारसा मतभेद नाही.

ख्रिस्तपुराण

धर्मांतरित हिंदूंना त्यांच्या जुन्या पोथ्या वाचण्यास मनाई झाली होती. त्यांच्या जागी द्यावे असे काहीच नव्हते. ही उणीव ग्रंथाच्या आरंभीच एका श्रोत्याच्या मुखातून मांडली आहे: जुनी पुराणे बंद केली, तर त्यांच्यासारखे दुसरे पुराण आम्हांस का देत नाही, असा त्याच्या विचारण्याचा आशय आहे. ख्रिस्तपुराण हे त्याचे उत्तर होय. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पैले पुराण ३६ अवस्वरूंचे असून त्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराच्या कथा येतात. दुसरे पुराण ५९ अवस्वरूंचे असून त्यात येशू ख्रिस्ताचे चरित्र आहे. अवस्वरू म्हणजे अध्याय. एकूण ओव्यांची संख्या १०,९६२ भरते.

स्वर्गासाठी वैकुंठ यासारखे श्रोत्यांच्या परिचयाचे शब्द स्टीफन्स यांनी निःसंकोच वापरले. ग्रंथाची भाषा मराठी असली, तरी सामान्य श्रोत्याला समजावे म्हणून तीत कोंकणी शब्दांची भर घातलेली आहे. त्यामुळे ती मराठी की कोंकणी असा वाद विसाव्या शतकात रंगला. ग्रंथकर्त्याने स्वतः मात्र ती मराठी म्हटली आहे. पहिल्या भागातील मराठीची थोरवी सांगणाऱ्या ओव्या महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक झाल्या, इतक्या की पुष्कळांना उर्वरित ग्रंथाविषयी त्याहून अधिक माहिती नसते. ग्रंथाचे खरे सामर्थ्य कथनात, विशेषतः काना येथील लग्नासारख्या प्रसंगांच्या घरगुती वर्णनांत आहे.

हा ग्रंथ देशी लिपीत छापावा अशी स्टीफन्स यांची इच्छा होती. १६०८ साली त्यांनी संघप्रमुख क्लाउदियो अक्वाविवा यांना पत्र लिहून तशी परवानगी मागितली. जोडाक्षरांमुळे खिळ्यांचे शेकडो साचे लागणार होते, ही अडचण त्यांना माहीत होती आणि संख्या कमी करण्याचा मार्गही त्यांनी सुचवला होता. काम झाले नाही. १६१६ साली ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले. त्यानंतर १६४९ व १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

मृत्यू आणि नंतरचा काळ

१६१९ साली स्टीफन्स यांचे गोव्यात निधन झाले. इंग्लंडला ते परत गेले नाहीत.

त्यांच्या पश्चात सत्तेचे धोरण पालटले. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर यांनी स्थानिक भाषेचा वापर सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करण्याचा आदेश काढला. ज्या व्याकरणाच्या आधारे पाद्र्यांनी लोकांची भाषा शिकावी अशी अपेक्षा होती, त्याचे प्रयोजनच या आदेशाने नाकारले. ख्रिस्तपुराण मात्र हस्तलिखितांच्या रूपाने टिकले. गोव्यातून दक्षिणेकडे स्थलांतरित झालेल्या कुटुंबांनी त्याच्या प्रती मंगळूर भागात नेल्या. तेथेच १९०७ साली जे. एल. सालढाणा यांनी ते पुन्हा छापले.

व्याकरणाचे पुनर्मुद्रण १८५७ साली झाले. गोव्यातील पोर्तुगीज अधिकारी जुआकिं एलिओदोरु दा कुन्या रिव्हारा यांनी कोंकणीच्या इतिहासावरील दीर्घ निबंध जोडून ते प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक जुने हस्तलिखित छापले. सतराव्या शतकातील एका अनाम मिशनऱ्याने लिहिलेले ते उत्तरेकडील बोलीचे व्याकरण होते. उत्तर म्हणजे वसई–साष्टीचा पट्टा. त्यामुळे उत्तन, डोंगरी ही आज मीरा-भाईंदर महापालिकेत मोडणारी गावे ज्या मुलखात आहेत, तेथील पोर्तुगीजकालीन बोलीचा एक मांडलेला पुरावा हाती आला. हा प्रदेश १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी जिंकला. याच उत्तरेकडील बोलीत फ्रान्सिश्कु व्हाझ द गिमारांइश यांचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील पुराण १६५९ साली लिस्बन येथे छापले गेले होते आणि मुंबई परिसरातील ख्रिस्ती समाजात ते पुढे बराच काळ गायले जात असे. स्टीफन्स यांच्या ग्रंथाशी त्याची अनेकदा गल्लत केली जाते.

मराठीच्या व्याकरणलेखनावर स्टीफन्स यांचा थेट प्रभाव दिसत नाही. विल्यम कॅरी (१८०५) किंवा दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८३६) यांच्यापर्यंत त्यांचे पुस्तक पोहोचल्याचा पुरावा नाही. मूळ वसईजवळच्या तरखड गावच्या कुटुंबातील दादोबांनी आपली पहिली मांडणी लिंडली मरे यांच्या इंग्रजी व्याकरणावरून केली. म्हणजे परभाषेच्या चौकटीत मराठी क्रियापद बसवण्याचा खटाटोप त्यांनाही नव्याने करावा लागला. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ ही आज शाळेत शिकवली जाणारी चौकडी त्यानंतरच्या परंपरेत स्थिरावली.

लंडनमधील मार्सडेन संग्रहात ख्रिस्तपुराणाचे देवनागरी हस्तलिखित सापडल्यावर मूळ लिपीविषयीच्या चर्चेला नवे वळण लागले. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. २००९ साली फादर नेल्सन फलकांव यांची गद्य भाषांतरासह आवृत्ती निघाली. गोव्यात पर्वरी येथे १९८६ साली स्थापन झालेले थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र कोंकणी भाषेच्या संशोधनाचे व अध्यापनाचे काम करते.